प्राग राहिलं त्याची हकिगत

सिंगापूरमधल्या सेंगकांगला आमच्या ब्लॉकखाली, लिफ्टपाशी भेटणारी प्रत्येक काकू मला एकच प्रश्न विचारते, "काय गं मुग्धा, प्राग कसं होतं?" यात काकूंचा काही दोष नाही. मी युरोपात असताना आईने ओळखीतल्या झाडून सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की शेवटच्या आठवड्यात मुग्धा प्रागला जाणार आहे. पहिल्या दोन काकूंना मी "छान होतं" असं ठोकून दिलं. तिसऱ्या काकूंनी तिथल्या जुन्या पुलाबद्दल बारकाईने विचारायला सुरुवात केली, तेव्हा मात्र माझी बोबडी वळली. म्हणून आता एकदाच काय ते लिहून टाकते. मी प्रागला गेले नाही. प्रागच्या गाडीत बसले होते, हॉस्टेल ठरलं होतं, छत्रीसुद्धा घेतली होती, पण गेले नाही. आणि तरीही त्या संपूर्ण उन्हाळ्यात मी सर्वांत जास्त हसले ती त्याच शनिवारी.

यंदाच्याच, २०१२ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सिंगापूरच्या आमच्या विद्यापीठातून एका सत्रासाठी जर्मनीला जायची संधी मिळाली आणि आम्ही तिघं बव्हेरियातल्या एका लहानशा गावात जाऊन पडलो. मी, वेई लिंग आणि फरहान. वेई लिंग हौगांगची. बुटकी, चष्मेवाली आणि नियोजनात अशी पक्की की कुठल्या शहरात किती वाजता पाय दुखायला लागतील हेही तिच्या तक्त्यात लिहिलेलं असायचं. फरहान बेडोकचा. सैन्यातली दोन सक्तीची वर्षं करून आलेला, त्यामुळे आमच्यापेक्षा मोठा आणि त्याचा फायदा घेऊन सतत आमची टिंगल करणारा. आम्ही आपसांत सिंगापूरची इंग्रजी बोलतो. इथे मी ती मराठीत लिहिते आहे, पण वाक्याच्या शेवटचा "लाह" काढून टाकायचा धीर होत नाही. तो काढला तर ही दोघं मला ओळखूच येत नाहीत.

शुक्रवारी दुपारी तास संपला की आम्ही पाठीला सॅक लावून स्टेशन गाठायचो आणि रविवारी संध्याकाळी परत यायचो. सिंगापूरमध्ये एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, तासभर गेलं की देश संपतो. इथे तासभर गेलं तरी तेच हिरवं कुरण आणि त्याच तपकिरी गाई दिसायच्या, आणि पुढच्या तासात अचानक भाषाच बदलायची. पहिल्यांदा ऑस्ट्रियाची हद्द ओलांडली तेव्हा आम्ही तिघं खिडकीला नाक लावून बसलो होतो. काहीच झालं नाही. एक गाय जर्मनीत होती, तिच्या शेजारची ऑस्ट्रियात होती. फरहान म्हणाला, "एवढंच? मलेशियाला जाणाऱ्या आमच्या जोहोरच्या पुलावर याहून जास्त नाटक असतं लाह."

खाण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक गावी नव्याने सोडवावा लागायचा. मी शाकाहारी, फरहानला हलाल हवं आणि वेई लिंगला काहीही चालतं, फक्त ते गरम हवं आणि लगेच हवं. शाळेत मसावि काढायचो तसा आमच्या तिघांच्या पोटांचा मसावि काढला की उत्तर दर वेळी बटाटा यायचं. तळलेला बटाटा, उकडलेला बटाटा, बटाट्याचे गोळे, बटाट्याची कोशिंबीर. साल्झबुर्गला तर मी इतका बटाटा खाल्ला की रात्री आईकडून फोनवर "आज उपास होता का?" असं ऐकून घ्यावं लागलं.

व्हिएन्ना

व्हिएन्नाचे राजवाडे, बागा वगैरे तुम्ही चित्रांत पाहिलेच असतील. ते चित्रातल्यासारखेच आहेत. मला सांगायचं आहे ते स्टेशनजवळच्या एका बेकरीबद्दल, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ तिथे आहे.

आमच्या सिंगापुरात एक पद्धत आहे. दुपारी हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे जिथे चाळीस-पन्नास खाण्याचे स्टॉल आणि मधे टेबलं असतात तिथे, जागा मिळणं महाकठीण. म्हणून आधी रिकाम्या टेबलावर टिश्यूचं छोटं पाकीट ठेवायचं आणि मग निर्धास्तपणे रांगेत जाऊन उभं राहायचं. याला "चोप" करणं म्हणतात. त्या पाकिटाला कोणी हात लावत नाही. लोक छत्री ठेवतात, ऑफिसचं कार्ड ठेवतात, काही महाभाग तर चक्क फोन ठेवून निघून जातात. आम्ही पुण्याहून नवीन आलो तेव्हा आईला हे माहीत नव्हतं. "लोक किती विसरभोळे गं!" म्हणत तिने पहिल्याच आठवड्यात तीन टेबलांवरची पाकिटं गोळा करून चहाच्या स्टॉलवर जमा केली होती. त्यानंतर तिथे जो गोंधळ झाला त्याने बाबा महिनाभर त्या बाजूला फिरकले नाहीत.

तर व्हिएन्नाच्या त्या बेकरीत एकच टेबल रिकामं होतं. वेई लिंगने सवयीने त्यावर टिश्यूचं पाकीट ठेवलं आणि आम्ही काउंटरवर गेलो. ट्रे घेऊन परत आलो तर तिथे भरघोस मिशांचे एक आजोबा आरामात बसले होते. त्यांनी पाकीट फोडलं होतं, एक टिश्यू काढून चष्मा पुसत होते. आम्हाला बघून ते हसले, छान पाकीट आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि वेई लिंगलाही एक टिश्यू देऊ केला. तिने तो घेतला. तिच्याच पाकिटातला टिश्यू घेऊन ती "थँक यू" म्हणाली. आम्ही उभ्याने केक खाल्ला आणि फरहान हसून हसून दोनदा ठसकला.

मी मात्र त्या प्रसंगातून धडा घेतला. मी स्वतःला फार शहाणी समजते, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. मी जाहीर केलं की इथे टिश्यूला वजन नाही, इथे काहीतरी वजनदार ठेवलं पाहिजे. पुढच्या शनिवारपासून मी जागेवर माझी सॅक ठेवायला लागले. साल्झबुर्गला चाललं. न्यूर्नबर्गला चाललं. गाडीतही चाललं. फरहान मला "चोप क्वीन" म्हणायला लागला आणि मी ते कौतुक म्हणून घेतलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मला शाळेत असताना पाठ होती.

प्रागच्या गाडीत

प्राग वेई लिंगचं होतं. म्हणजे बाकीची शहरं आम्ही मिळून ठरवली, पण प्रागसाठी ती सहा आठवडे तक्ता करत होती. तिथल्या चौकातल्या घड्याळातल्या बाहुल्या फिरताना पाहायला कुठे उभं राहायचं, याचा तिने नकाशा काढला होता. शेवटचा शनिवार-रविवार त्यासाठी राखून ठेवला होता. त्यानंतर परीक्षा, आणि परीक्षेनंतर चार दिवसांनी सिंगापूरचं विमान.

जुलै महिना, सकाळी दहालाच घामाच्या धारा. म्यूनिकला गाडीत बसलो तेव्हा मी गळ्यातली पासपोर्टची पिशवी काढली. ही पिशवी आईने एका उरलेल्या ब्लाउजपीसची शिवली होती, जांभळी, सोनेरी बुट्ट्यांची. "गळ्यातून काढायची नाही" अशी ताकीद होती. पण मानेला कापड चिकटत होतं, म्हणून मी ती सॅकच्या आतल्या कप्प्यात सरकवली.

अर्ध्या तासाने गाडीभर हिंडून आलेला फरहान उड्या मारत परत आला. "मागच्या डब्यांच्या खिडक्या उघडतात!" तो ओरडला. "पूर्ण! अशा खाली! हात बाहेर काढता येतो लाह!"

ज्यांनी सगळं आयुष्य एमआरटीच्या बंद काचांमागे काढलं आहे त्यांनाच या वाक्याचं मोल कळेल. वेई लिंग ताडकन उठली. मी समोरच्या म्हाताऱ्या बाईंकडे बघून हसले, त्याही मान हलवून हसल्या. त्यांच्या मांडीवर मोठा गोल डबा होता. मी आमच्या जागांवर सॅक ठेवली, वर तिला एक थाप मारली आणि आम्ही मागे धावलो.

मागचे डबे जुने होते, सहा-सहा जणांच्या खोल्यांचे. खिडकीची कडी खाली ओढली आणि वाऱ्याने माझे केस सरळ फरहानच्या तोंडात गेले. आम्ही तिघांनी हात बाहेर काढले, मग डोकी बाहेर काढली, मग एका जर्मन काकांनी रागावल्यावर डोकी आत घेतली. शेतांमधून गवताचा वास येत होता. वेई लिंग काहीतरी गात होती. मी तिला कधी गाताना ऐकलं नव्हतं आणि त्याचं कारणही मला त्या दिवशी समजलं. मधे एका जंक्शनवर गाडी बराच वेळ थांबली. बाहेर जर्मनमधून लांबलचक घोषणा झाली, तिच्याकडे आम्ही तिघांनी एकमताने दुर्लक्ष केलं. एक जोराचा धक्का बसला. गाडी निघाली ती उलट्या दिशेने निघाली, याचंही आम्हाला कौतुकच वाटलं.

भूक लागल्यावर जागेवर परत जायला निघालो. सॅकमध्ये मी तिखटमिठाच्या पुऱ्या करून घेतल्या होत्या आणि वेई लिंग सकाळपासून त्यांचाच जप करत होती. एक डबा ओलांडला, दुसरा ओलांडला. तिसऱ्याच्या शेवटी दार होतं आणि दाराच्या काचेतून रूळ दिसत होते. नुसते रूळ, आमच्यापासून दूर पळणारे. आमचा डबा जिथे असायला हवा होता तिथे जुलैचं ऊन होतं.

"इथे आणखी डबे होते ना?" वेई लिंगने हळूच विचारलं.

"होते," फरहान म्हणाला आणि त्याच्या तोंडून मलायमधलं "अरे देवा" निघालं, "आलामाक. मुग्धा, तुझी सॅक कुठेय?"

झालं होतं असं की त्या जंक्शनवर गाडीचे दोन तुकडे झाले होते. मागचा तुकडा प्रागला निघाला, पुढचा उत्तरेकडे कुठल्यातरी होफ नावाच्या गावाला. आम्ही सकाळपासून चुकीच्या तुकड्यात बसलो होतो आणि खिडकीच्या मोहाने बरोबर तुकड्यात आलो होतो. आम्ही प्रागला चाललो होतो. माझा पासपोर्ट होफला चालला होता.

या दोघांचे पासपोर्ट लाल, सिंगापूरचे, खिशात. ते दाखवले की जगातली निम्मी दारं आपोआप उघडतात. माझा निळा, भारताचा. जर्मनीचा व्हिसा त्याच्या पानावर चिकटवलेला, सिंगापूरला परत शिरायची परवानगी त्याच्याच नंबरावर. त्या व्हिसासाठी मी कागदांचा जो गठ्ठा नेला होता तो पाहून फरहानने विचारलं होतं की जर्मनी विकत घेते आहेस का. पासपोर्ट गेला तर पोलीस, मग वकिलात, मग नवा पासपोर्ट, मग पुन्हा व्हिसा, पुन्हा परवानगी. विमान चुकणार, शेवटचं वर्ष सुरू होऊन जाणार आणि मी बव्हेरियात गाई मोजत बसणार. आणि हे सगळं कशामुळे? तर मला जागा अडवायची होती.

मी रडले. लपवण्यात अर्थ नाही, चांगली भोकाड पसरून रडले.

टीसी आले ते आवाज ऐकूनच आले असावेत. उंच, लाल गालांचे गृहस्थ. त्यांना माझ्या मोडक्या जर्मनमधून आणि वेई लिंगच्या हातवाऱ्यांतून प्रकार समजला. त्यांनी दुसऱ्या तुकड्यातल्या टीसीला फोन लावला. बोलता बोलता त्यांच्या भुवया वर वर जायला लागल्या.

"बॅग आहे," फोन हातात धरून ते म्हणाले. "एका बाईंकडे आहे. पण त्या ती माझ्या सहकाऱ्याला द्यायला तयार नाहीत. त्या म्हणतात, फोटोतला चेहरा समोर आल्याशिवाय देणार नाही. त्या वायडेन स्टेशनवर उतरून तिथे बसणार आहेत." मग म्हणाले, "माझा सहकारी म्हणतो की वाद घालण्यात अर्थ नाही."

पुढचं मोठं स्टेशन काम नावाचं होतं, त्याच्यानंतर सीमा होती. मी तिथे उतरून परत फिरायला हवं होतं. मी डोळे पुसून या दोघांना म्हटलं, "तुम्ही जा. हॉस्टेल आहे, घड्याळ आहे. मी सॅक घेऊन आपल्या गावी परत जाते. मला चालेल."

वेई लिंगने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तिचा सहा आठवड्यांचा तक्ता तिच्या मांडीवर होता. तिने त्याच्या चार घड्या घालून तो चड्डीच्या खिशात कोंबला.

"कॅनॉट लाह," ती म्हणाली. "पुऱ्या तुझ्या सॅकमध्ये आहेत."

फरहानने खिशातून तिकीट काढलं. बव्हेरियात एक मजेशीर पद्धत आहे, चार-पाच जणांना मिळून एकच तिकीट मिळतं आणि त्यावर सगळ्यांची नावं लिहायची असतात. "हे बघ, तिघांची नावं एका कागदावर," तो म्हणाला. "तू उतरलीस की आम्ही बिनतिकिटाचे. हे काका आम्हाला खिडकीतून बाहेर टाकतील. खिडक्या उघडतात, माहीत आहे ना?"

मी पुन्हा रडले, पण ते वेगळं रडणं होतं. तेवढ्यात काम स्टेशन आलं आणि आम्ही उतरलो.

वायडेन

काम स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत असताना आईचा फोन आला. ती दर शनिवारी सिंगापूरचा संध्याकाळचा चहा झाला की फोन करायची आणि दर वेळी तीनच प्रश्न विचारायची.

"जेवलीस का?"

"जेवणार आहे आता."

"थंडी नाही ना?"

"आई, जुलै आहे."

"बरं. पासपोर्ट जपून आहे ना गं?"

"हो," मी म्हटलं. "अगदी जपून आहे." हे खोटं नव्हतं. फक्त कोण जपतंय ते मला माहीत नव्हतं.

पोचलो की फोन करते असं सांगून मी घाईने ठेवून दिला. मग एक गाडी, पुन्हा ते जंक्शन, मग दुसरी गाडी. त्या वेळात मी मनात सारखं एकच गणित करत होते. बाई कंटाळून निघून गेल्या असतील तर? त्यांचं माझं नातं काय? सिंगापुरात वस्तू जागेवर राहते कारण तिला कोणी हात लावत नाही. पण हात न लावणं वेगळं आणि परक्याच्या सॅकसाठी अनोळखी स्टेशनवर उतरून बसणं वेगळं. मी तरी बसले असते का? मला खात्रीने हो म्हणता येईना.

वायडेनला गाडी थांबायच्या आतच मला त्या दिसल्या. बाकावर ताठ बसलेल्या, डोक्यावर गवती टोपी. डाव्या बाजूला तो मोठा गोल डबा. उजव्या बाजूला माझी सॅक, आणि सॅकच्या पट्ट्यात हात कोपरापर्यंत अडकवलेला. सकाळी आमच्या समोर बसलेल्या त्याच बाई.

मी धावत गेले. त्यांनी तळहात वर करून मला थांबवलं. मग जांभळ्या पिशवीतून पासपोर्ट काढला, फोटोचं पान उघडलं आणि फोटोकडे, माझ्याकडे, परत फोटोकडे पाहिलं. फोटोत मला दोन वेण्या आहेत आणि आईने सकाळी चोपडलेलं तेल स्पष्ट दिसतं.

"जन्म कुठे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"पुणे."

त्यांनी पानावर बोट ठेवून पडताळलं आणि पासपोर्ट माझ्या हातात दिला. मी तो छातीशी धरून बाकावर बसले. फरहानने दोन्ही हात जोडून वाकून म्हटलं, "थँक यू, आंटी! थँक यू!"

"मी तुमची आंटी नाही," त्या म्हणाल्या. "मी फ्राऊ केलर." म्हणजे श्रीमती केलर. आम्ही सिंगापूरवाले दिसेल त्या मोठ्या बाईला आंटी करून टाकतो, आणि इथे एकवीस वर्षांच्या मला या सत्तरीच्या बाई जर्मनमधून अहो-जाहो करत होत्या.

मी विचारलं, "तुम्ही टीसींकडे का नाही दिलीत? तुमचा किती वेळ गेला."

"टीसी पुढच्या स्टेशनला बदलतो," त्या म्हणाल्या. "तो दुसऱ्याला देणार, दुसरा ऑफिसात देणार, आणि शनिवारी ऑफिस बंद. मी तुम्हाला बॅग ठेवताना पाहिलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला वाटलं, तुम्ही मला लक्ष ठेवायला सांगताय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हसले होते ते असंच, समोर माणूस आहे म्हणून. त्यांनी तो शब्द मानला होता.

"आता चला," त्या उठल्या आणि गोल डबा फरहानच्या हातात दिला. "हा केक आहे. माझा भाऊ आलोइस आज पंच्याहत्तर वर्षांचा झाला. एकला जेवण होतं, दोनला केक होता. आता पावणेतीन झालेत. मी आयुष्यात कधी उशिरा पोचलेली नाही. मी नुसतं सांगितलं तर कोणाला पटणार नाही. मला पुरावा पाहिजे."

पुरावा म्हणजे आम्ही.

आलोइसचा वाढदिवस

त्यांचा भाचा गाडी घेऊन आला. त्या छोट्याशा गाडीत पुढे फ्राऊ केलर, मागे आम्ही तिघं आणि आमच्या मांड्यांवर आडवा केक. वळणावर आतून गुळगुळ आवाज यायचा. दोन तास उन्हात बसलेल्या लोण्याच्या केकचं काय होतं ते आम्हाला तिघांना समजत होतं, पण बोलायची हिंमत कोणाची नव्हती. वेई लिंगने हळूच पुऱ्यांचा डबा उघडला आणि एक पुरी पुढे सरकवली. फ्राऊ केलरनी वास घेतला, खाल्ली आणि वळून न बघता हात पुन्हा मागे केला. ओव्याची पुरी बव्हेरियात पहिल्यांदाच आली आणि त्या गाडीतच संपली.

गावच्या खानावळीच्या अंगणात, चेस्टनटच्या झाडांखाली लांबच लांब टेबल मांडलं होतं. तीस-पस्तीस माणसं. प्लेटा रिकाम्या, काटे तयार आणि सगळ्यांच्या नजरा फाटकाकडे. आमच्याकडे "पाच मिनिटांत येते" म्हणजे अजून आंघोळ व्हायची आहे असं समजतात. इथे तासभर उशीर म्हणजे दवाखान्यात फोन करायची वेळ झालेली असते, आणि ते फोन करूनही झाले होते. टेबलाच्या टोकाला बसलेले आलोइस उठून उभे राहिले. लालबुंद चेहरा, बहिणीसारखंच ताठ अंग.

फ्राऊ केलरनी मला दंडाला धरून पुढे उभं केलं.

मी माझ्या एका सत्राच्या जर्मनमध्ये बोलायला सुरुवात केली. मी म्हटलं की केकला उशीर झाला तो माझ्यामुळे. मी जागा राखण्यासाठी पासपोर्टची बॅग गाडीत सीटवर ठेवून गेले. गाडीचे दोन तुकडे झाले. तुमच्या बहिणीने माझी वाट पाहिली. मला फार वाईट वाटतं. त्यांनी तसं केलं नसतं तर मला घरी जाता आलं नसतं.

आलोइस कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत होते.

"थांबा," ते म्हणाले. "जागा राखण्यासाठी? बॅग ठेवून तुम्ही निघून गेलात?"

"आमच्याकडे पद्धत आहे," मी पुटपुटले. "टेबलावर टिश्यू ठेवतो आणि जातो. कोणी घेत नाही."

टेबलाच्या मधल्या भागातून एका बाईंचा जोरात आवाज आला, "टॉवेल!" त्या आलोइस यांच्या पत्नी होत्या. त्या उठल्या आणि नवऱ्याकडे बोट दाखवून सगळ्यांना सांगायला लागल्या की हा माणूस दर सुट्टीत पहाटे सहाला उठतो, हॉटेलच्या तलावाकाठच्या खुर्चीवर टॉवेल टाकतो आणि परत येऊन झोपतो. सगळं अंगण हसायला लागलं. आलोइस यांचा चेहरा आणखी लाल झाला, मग त्यांनाही हसू आवरेना. ते टेबलाला वळसा घालून आले, त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन गदगदा हलवला आणि माझ्यासाठी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढली. त्या खुर्चीवर त्यांनी आधी स्वतःची टोपी ठेवलेली होती.

केकचा डबा उघडला. केक एका बाजूला कलला होता आणि वरचे पंच्याहत्तर हे आकडे वाहून कडेला आले होते. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेई लिंग दोन लहान मुलींना मोबाइलवर प्रागच्या घड्याळाचे फोटो दाखवत बसली होती आणि इथून ते किती लांब आहे हे हात पसरून सांगत होती. फरहानपुढे कोणीतरी बटाट्याची कोशिंबीर आणून ठेवली. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला केक गिळवेना.

मग आलोइस म्हणाले, "दाखवा तरी. ज्याच्यासाठी माझी बहीण पहिल्यांदा उशिरा आली, ते पुस्तक दाखवा."

मी पिशवीतून पासपोर्ट काढून दिला. त्यांनी नाकावर चष्मा चढवला, हात रुमालाला पुसले आणि सावकाश पानं उलटली. वेण्यांचा फोटो पाहून मान डोलावली. जर्मनीचा व्हिसा बोटाने चाचपून बघितला. मग तो शेजारच्या माणसाला दिला, त्याने त्याच्या बायकोला, तिने पलीकडे. आजवर माझा पासपोर्ट मी फक्त काचेपलीकडच्या माणसांना दिला होता आणि ते त्याच्याकडे बघत असताना दर वेळी माझा श्वास अडकला होता. इथे तो कॉफीच्या कपांवरून, केकच्या प्लेटांवरून जात होता. एकीने फोटो बघून स्वतःच्या नातीच्या वेण्या हातात धरून दाखवल्या. एका काकांनी सिंहांची मुद्रा उजेडात धरून पाहिली. कव्हरवर लोण्याचं एक बोट उमटलं, ते पुसायच्या नादात दुसरं उमटलं.

असं करत करत तो टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचला, जिथून तो मला दिसतही नव्हता. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी शेवटचं पान उघडलं असावं, कारण त्या मोठ्याने वाचायला लागल्या, "वै-शा-ली." ते माझ्या आईचं नाव. शेजारच्याने ते पुन्हा म्हणून पाहिलं, मग आणखी एकाने, आणि मग हसत हसत अर्धं टेबल ते नाव आपापल्या परीने उच्चारायला लागलं.

फरहान खुर्चीवरून अर्धवट उठला. "जाऊन घेऊन येऊ का?" त्याने काळजीने विचारलं.

मी केकचा आणखी एक तुकडा वाढून घेतला.

"नको," मी म्हटलं. "फिरू दे त्याला."